आधी नोंद, मग डागडुजी

वाशीमला १९३९ साली चार पत्र्यांचा एक ताम्रपट उजेडात आला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, दिलेल्या दानाचा तो लेख. वंशावळ संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. यवतमाळचे संशोधक यशवंत खुशाल देशपांडे आणि त्यांचे सहकारी डॉ. महाजन यांनी तो वाचला आणि त्याच वर्षीच्या भारतीय इतिहास परिषदेच्या कार्यवृत्तातून प्रसिद्ध केला. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा अभ्यासकांना खऱ्या अर्थाने कळली ती या लेखामुळे. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला, वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख नव्याने तपासला. तो लेख जागोजागी झिजलेला आहे आणि आधीच्या वाचकांनी त्या झिजलेल्या जागी राजांची नावे चुकीची लावली होती. वाशीमच्या ताम्रपटात वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन याचे नाव स्वच्छ होते. ते हाताशी असल्यामुळे अजिंठ्याच्या भिंतीवरची वंशावळ नीट लागली. वाशीमच्या तांब्याने अजिंठ्याच्या दगडाची तूट भरून काढली.

हे घडले कारण ताम्रपट नुसता जपून ठेवला गेला नाही. तो वाचला गेला, छापला गेला, दूरच्या अभ्यासकाच्या टेबलावर पोचला. प्रस्तुत पुस्तिका याच एका विश्वासावर उभी आहे: जुन्या वस्तूची नीट केलेली नोंद ही तिची पहिली डागडुजी असते, आणि पुष्कळदा ती दुसऱ्याच एखाद्या वस्तूचीही डागडुजी करते. डिजिटल साधनांनी या कामाचा खर्च कमी केला, वेग वाढवला आणि ते शाळेतल्या शिक्षकाच्या, वाचनालयाच्या ग्रंथपालाच्या, तांड्यावरून कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या आवाक्यात आणले. ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे.

यवतमाळला हे काम नवे नाही. देशपांडे पेशाने वकील. पण महानुभावांच्या पोथ्यांचा त्यांना ध्यास होता. त्यांनी यवतमाळात शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभी केली, पोथ्या आणि कागदपत्रे गोळा केली आणि १९२५मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ सिद्ध केला. या पोथ्यांचा इतिहास ध्यानात घेतला तर त्या कामाचे मोल कळते. चक्रधरस्वामी आणि गोविंदप्रभू यांच्या लीळा, स्मृती, सूत्रे हे मराठी गद्याचे आरंभीचे धन. पंथाने ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतके आपल्यापाशी राखले. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांची किल्ली बाहेरच्या अभ्यासकांना मिळाली, मठांची दारे हळूहळू किलकिली झाली, तेव्हा कुठे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातीची पाने पुन्हा लिहावी लागली. वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावी बसून, तार आणि टपाल एवढ्याच साधनांवर देशपांड्यांचे काम होऊ शकले. आज त्याच गावातल्या कोणत्याही घरात कॅमेरा आहे.

मग आपल्या जिल्ह्यात नोंदवण्यासारखे आहे तरी काय, असा प्रश्न अनेकदा कानावर येतो. तो प्रश्न पडतो कारण ‘वारसा’ म्हटले की अजिंठा-वेरूळ डोळ्यांपुढे येते. यवतमाळचा वारसा असा एका जागी रचून ठेवलेला नाही. तो विखुरलेला आहे आणि बहुतेक घरांत, शेतांत, देवळांत, माणसांच्या तोंडी आहे. लोहाऱ्याच्या कमळेश्वरासारखी हेमाडपंती देवळे आहेत. कळंबच्या चिंतामणीसारखी, केळापूरच्या जगदंबेसारखी जागती देवस्थाने आहेत. गावाच्या वेशीवर निम्मे मातीत गेलेले कोरीव दगड आहेत. वाड्यांच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल आहेत. बंजारा घरांत आजीच्या हातची आरसे आणि कवड्या लावलेली भरतकामाची वस्त्रे आहेत. कोलाम आणि गोंड वस्त्यांवर ढोल आहेत, ढेमसा नाचाची गाणी आहेत, प्रधान भाटांच्या तोंडी वंशकथा आहेत. १९०८च्या इंग्रजी गॅझेटिअरात आणि त्याआधी १८९७मध्ये हेन्री कझिन्स यांनी केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पुरातन अवशेषांच्या यादीत या जिल्ह्याची दखल आहे. कझिन्स यांच्या काळी इंग्रजी दप्तरात हा वणी जिल्हा होता, ‘यवतमाळ’ हे नाव १९०५चे. पण त्या याद्या साहेबांच्या नजरेला जे दिसले त्याच्या. देवघरातली पोथी, दांडीवरची बंजारा बाईची फेटी-काचोळी त्यांना दिसणे शक्यच नव्हते.

जे आहे ते टिकते आहे का? वाळवी, कसर आणि ओल हे जुने शत्रू आहेतच. जुलै २०२३मध्ये महागाव तालुक्यात एका रात्रीत पाणी चढले तेव्हा माणसांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर बोलवावी लागली. अशा वेळी ट्रंकेतल्या कागदांची कोण चिंता करणार? तरी मला अधिक भीती वाटते ती प्रेमाने होणाऱ्या नुकसानीची. गावकरी वर्गणी काढतात, देवळाचा जीर्णोद्धार ठरतो आणि चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून उभ्या केलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो. कोरीव खांबांना ऑइल पेंट लागतो, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स बसतात. वीरगळावर शेंदराचे थर इतके चढतात की घोडा आणि स्वार एकच गोळा होतात. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. श्रद्धा खरी असते, पैसा कष्टाचा असतो. म्हणूनच या लोकांना दोष देऊन काही साधत नाही. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी त्या देवळाची पूर्ण नोंद झालेली असावी, एवढे जरी आपण रूढ करू शकलो तरी मोठे काम होईल. आणि अनुभव असा की आपल्या देवळाचे कोरीवकाम पडद्यावर मोठे करून पाहिल्यावर गावकरी स्वतःच पेंटच्या बाबतीत पुन्हा विचार करतात.

नोंद म्हणजे काय, हे दोन वस्तूंच्या आधारे जरा जवळून पाहू.

पहिली वस्तू पोथी. बासन सोडले की दोन फळ्यांच्या मध्ये सुटी पाने असतात. जाड दौलताबादी कागद, काजळाची शाई, ओव्यांच्या आकड्यांवर हिंगुळाची लाली, चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप. पत्रांक बहुधा पानाच्या पाठच्या बाजूला समासात असतो. म्हणून प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू, आहे त्याच क्रमाने, एकही न गाळता टिपायच्या. क्रम चुकलेला दिसला तरी आपण तो लावायचा नाही. चुकलेला क्रमही पुष्कळ काही सांगतो. कोरे पानसुद्धा टिपायचे, कारण कोऱ्या पानावरच कुणीतरी नकलकाराचे नाव, उधारीचा हिशेब किंवा पोरीच्या जन्माची तिथी लिहून ठेवलेली असते. फोन हातात धरायचा नाही. तो स्टँडवर पानाला समांतर बसवायचा, म्हणजे अक्षरे तिरपी होत नाहीत. उजेड दोन्ही बाजूंनी साधारण पंचेचाळीस अंशांतून द्यायचा, फ्लॅश बंद. पहिल्या फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवायची, म्हणजे पन्नास वर्षांनी पाहणाऱ्यालाही पानाचा आकार आणि शाईचा रंग नेमका कळेल. चिकटलेली पाने ओढायची नाहीत, बोट ओले करून उलटायची नाहीत. ती तज्ज्ञाच्या हाताची वाट पाहू शकतात. साध्या डोळ्यांना न दिसणारी काजळाची शाई अवरक्त प्रकाशात पुष्कळदा वाचता येते, ही आशा त्या पानांसाठी राखून ठेवावी.

दुसरी वस्तू झिजलेला कोरीव दगड. अक्षरे दिसावीत म्हणून त्यावर खडू किंवा पीठ घासण्याची सवय सर्वत्र आहे, आणि प्रत्येक घासण्यात दगडाची कड थोडी थोडी जाते. पुराभिलेखवाले ओला कागद ब्रशने ठोकून, त्यावर शाईची पुडी फिरवून ठसा घेतात. ती विद्या आजही थोर आहे, पण ती शिकलेल्यांचे काम. आपण प्रकाशाचा उपयोग करू शकतो. सूर्य मावळल्यावर कॅमेरा दगडासमोर पक्का बसवावा आणि टॉर्च दगडाच्या अगदी कडेने, कमी उंचीवरून, एकेका दिशेने फिरवत प्रत्येक वेळी एक फोटो घ्यावा. समोरून सपाट दिसणाऱ्या दगडावर आडव्या उजेडात रेघान्‌रेघ सावली टाकते. असे बरेच फोटो संगणकात एकत्र केले की पडद्यावर उजेडाची दिशा हवी तशी फिरवून लेख वाचता येतो. ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर यांनी २००१मध्ये मांडलेली ही पद्धत आज जगभरच्या संग्रहालयांत नाण्यांपासून शिलालेखांपर्यंत वापरली जाते.

मूर्ती किंवा अख्खे देऊळ असेल तर फोटोग्रामेट्री. वस्तूभोवती फिरत, तीन वेगवेगळ्या उंचींवरून असे फोटो घ्यायचे की प्रत्येक फोटोचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग आधीच्या फोटोतही असेल. संगणक या फोटोंतले समान बिंदू शोधतो, त्यावरून प्रत्येक वेळी कॅमेरा कुठे होता ते काढतो आणि लाखो बिंदूंतून वस्तूचा त्रिमित आकार उभा करतो. फोटोत मोजपट्टी नसेल तर आकार मिळतो, माप मिळत नाही. पूजा चालू असलेल्या देवळात हे काम पुजाऱ्यांना विचारून, आरती-नैवेद्याच्या वेळा सांभाळून करायचे, हेही तंत्राचाच भाग समजावे. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे अँड्र्यू टॅलन या अध्यापकाने लेझर यंत्राने माप घेऊन ठेवले होते. १५ एप्रिल २०१९ला त्या चर्चचे छप्पर जळाले तेव्हा टॅलन हयात नव्हते, त्यांची मापे मात्र पुनर्बांधणीच्या कामी आली.

आता पुनरुद्धाराकडे वळू. या बाबतीत महाराष्ट्राइतका मोठा धडा क्वचितच कुणी शिकला असेल. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचे काम रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून वर्षानुवर्षे केले. त्यांतल्या बहुतेक नकला १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. मग १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी पोपडे सुटलेली चित्रे भिंतीला पक्की केली, हे उपकारच. पण वरून लावलेले शेलॅकचे रोगण काळाबरोबर पिवळे-तपकिरी पडले आणि चित्रे त्याच्याआड गेली. ते काढण्याचे नाजूक काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला अनेक दशके पुरले. या सगळ्यातून दोन गोष्टी कळतात. प्रती एकाच छपराखाली ठेवायच्या नाहीत. आणि मूळ वस्तूवर केलेला प्रयोग मागे घेता येत नाही.

डिजिटल पुनरुद्धाराचे खरे बळ या दुसऱ्या गोष्टीत आहे. नाशिकचे प्रसाद पवार यांनी अजिंठ्यात अंधुक उजेडात, चित्रांना इजा न होऊ देता छायाचित्रण केले आणि त्या प्रतिमांवर संगणकात एकेक रेषा, एकेक रंग जुळवण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले. भिंतीला बोटही लागले नाही. एखादा तर्क चुकला तर तो पुसता येतो, दुसऱ्या अभ्यासकाला वेगळा तर्क मांडता येतो. मात्र येथे एक पथ्य फार कसोशीने पाळायला हवे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तुटलेल्या मूर्तीला क्षणात नाक-डोळे देतात, फाटक्या छायाचित्रातला चेहरा भरून काढतात. तो चेहरा सुंदर असतो, पण तो त्या माणसाचा असेलच असे नाही. संगणकावर उभारलेल्या पुनर्रचनेत पुरावा कोणता आणि अंदाज कोणता हे उघड दिसले पाहिजे, असा दंडक २००६मध्ये तयार झालेल्या लंडन सनदेने घातला. आपण तो सोप्या रीतीने पाळू शकतो: मूळ प्रतिमा कधीही बदलायची नाही, काम नेहमी प्रतीवर करायचे, भरलेला भाग वेगळ्या छटेत दाखवायचा आणि तो कशाच्या आधारे भरला ते खाली लिहायचे. ज्याच्या आजोबांचा फोटो आहे त्याला एवढे खरे सांगणे आपले कर्तव्य आहे.

लिपीच्या बाबतीतही यंत्राची मदत आता जवळ आली आहे. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५मध्ये मोडी मजकूर देवनागरीत उतरवणारी प्रणाली पुढे आणली आणि तिच्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन कागदांचे नमुने वापरले. माळ्यावरचे रुमाल उद्या वाचले जातील ते अशा साधनांनी. पण त्यांना वाचायला आधी स्वच्छ प्रतिमा हव्यात, आणि वाचन तपासायला मोडी जाणणारी माणसे हवीत. म्हणून मोडीचे वर्ग चालवणे हेही डिजिटल कामच आहे.

जे कागदावर कधी उतरलेच नाही, त्याचा विचार मला सर्वांत निकडीचा वाटतो. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, आणि यवतमाळ हे त्यांचे मोठे घर. कोलामी ही मराठीच्या कुशीत राहणारी, पण द्राविडी कुळातली भाषा. मरे एमेनो यांनी तिचे व्याकरण १९५५मध्ये प्रसिद्ध केले. व्याकरण झाले, पण पोडावरची, म्हणजे कोलाम वस्तीवरची, म्हातारी बाई पेरणीच्या वेळी काय म्हणते, ती आजारपणात कोणत्या झाडाची साल देते, त्या झाडाला काय नाव देते, हे तिच्याच आवाजात किती ठिकाणी राखले आहे? पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात गोंड आणि कोलाम जीवनाचे फोटो घेतले. ते आज लंडन विद्यापीठाच्या ‘सोआस’ या संस्थेने संगणकावर खुले केले आहेत. त्याच आदिलाबादेतल्या गुंजाळा गावात गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखिते पुढे आली, आणि २०१८मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये गेली. एका लहान गावाने जपलेली वह्यांची चळत जगातल्या प्रत्येक संगणकापर्यंत पोचली. नदीच्या अलीकडे, पलीकडे सोयरेच राहतात. तिकडे झाले ते इकडे न होण्याचे काही कारण नाही.

पण आवाज टिपणे म्हणजे आवाजावर हक्क मिळवणे नव्हे. कोणते गाणे कोणत्या सणालाच म्हणायचे, कोणती कथा बाहेरच्यापुढे सांगायची नाही, कोणत्या देवाचे फोटो काढायचे नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजाचा. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांबरोबर काम करताना ‘मुकुर्टू’ नावाची प्रणाली तयार झाली. तिच्यात कोणती नोंद कुणाला दिसावी हे त्या लोकांच्या रिवाजांप्रमाणे ठरते. आपल्याकडेही संमती आधी घ्यायची, ती त्यांच्या बोलीत समजावून घ्यायची, ध्वनिमुद्रणाची प्रत त्याच दिवशी त्या घरात द्यायची आणि सांगणाऱ्याचे नाव, त्याची इच्छा असेल तर, नोंदीत सर्वांत वर लिहायचे. सुट्या मूर्तींच्या बाबतीत आणखी एक काळजी: नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकायचा नाही. मूर्तिचोरही तेच फोटो पाहतात.

कायद्याचीही ओळख असू द्यावी. १९७२च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने मोलाचे हस्तलिखित पुरावशेष ठरते, आणि ते देशाबाहेर नेणे सामान्य माणसाला निषिद्ध आहे. नांगरताना नाण्यांचे गाडगे लागले तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आपली पोथी सरकारजमा होईल या भीतीने लोक ती दडवतात आणि दडवलेली पोथी वाळवी खाते. घरातली पोथी नोंदवून घेतल्याने ती घरातून जात नाही, हे प्रत्येक दारात शांतपणे सांगावे लागेल.

या पुस्तिकेची मांडणी अशी आहे. पहिल्या भागात घरोघर फिरून यादी कशी करावी हे आहे. दुसऱ्यात पोथ्या आणि कागद, तिसऱ्यात दगड, धातू आणि देवळे, चौथ्यात वस्त्रे, पाचव्यात आवाज. सहावा भाग फाइलींचा. तो रुक्ष वाटेल, तरी तो वगळू नये. २ सप्टेंबर २०१८च्या रात्री ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले, तेव्हा वस्तूंबरोबर आदिवासी भाषांची ध्वनिमुद्रणेही गेली. म्हणून नियम साधा: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. फाइलीला नुसता आकडा न देता गाव, वस्तू, तारीख असे नाव द्यावे. आवाज दाबून लहान न करता मूळ स्वरूपात ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो ही नोंद धरू नये, कारण पाठवताना त्यातले अर्धे तपशील गळतात. वस्तूंच्या सूचीसाठी पुण्याच्या सी-डॅकने केलेल्या ‘जतन’ प्रणालीतून पुष्कळ शिकता येते. राष्ट्रीय संग्रहालयांच्या नोंदी तिच्यातच होतात.

ज्या घरांनी आपली ट्रंक उघडून दाखवली, ज्या पुजाऱ्यांनी गाभाऱ्याबाहेर स्टँड लावू दिला, ज्या आयाबायांनी काम बाजूला ठेवून दोन ओव्या म्हणून दाखवल्या, त्यांच्या ऋणात हे पुस्तक आहे. शाळा, वाचनालये, ग्रामपंचायती आणि महाविद्यालयांचे इतिहास विभाग यांनी आपापल्या गावापुरते जरी हे काम अंगावर घेतले, तरी यवतमाळ जिल्ह्याची स्वतःची, स्वतःच्या माणसांनी केलेली सूची तयार होईल.

सुरुवात करायला पहिले प्रकरण वाचून होण्याचीही गरज नाही. घरातल्या सर्वांत वडील माणसापाशी बसा, देव्हाऱ्यातली किंवा माळ्यावरची एक वस्तू त्यांच्या हातात द्या आणि ती कुणाची, कुठून आली, कशासाठी वापरत, एवढे विचारा. फोनवर त्यांचा आवाज टिपून घ्या. वस्तूचा चांगला फोटो पुढच्या वर्षीही काढता येईल, तिची गोष्ट सांगणारे माणूस तेव्हा भेटेलच असे नाही. म्हणून ते काम आजच करा.